कुमारांच्या कादंबऱ्या आधी मोठ्यांनी वाचाव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ ही तक्रार आपल्या पत्रव्यवहाराच्या स्तंभात वर्षातून चार-दोन वेळा तरी उमटते. ती करणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही; परंतु एका माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात वीसहून अधिक वर्षे काढल्यानंतर त्या तक्रारीतला एक शब्द मला नेहमी गाळलेला दिसतो. मुले नेमके काय वाचत नाहीत, हे कोणी लिहीत नाही. तेरा ते अठरा या वयातल्या वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी आपण स्वतः अलीकडे कोणती वाचली, असे मी एकदा पालकसभेत विचारले, तेव्हा मी त्यांना भातुकली मांडायला बोलावले असावे, अशा नजरेने बहुतेकांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेबद्दल हे पत्र आहे.

या कादंबऱ्यांना इंग्रजीत ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणतात आणि आपण ‘कुमार साहित्य’ म्हणतो. दोन्ही नावे मला थोडी अडचणीची वाटतात. पहिले वाचकाला त्याच्या वयापेक्षा मोठे म्हणून खूश करते. दुसरे ऐकून सतरा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर आठी उमटते. आमच्या ग्रंथालयात मी मोठ्या हौसेने एका कपाटावर ‘कुमार विभाग’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. नववी-दहावीची मुले त्या कपाटाजवळून अशी जात, की जणू ते धाकट्या भावंडांचे असावे. पुढे ती चिठ्ठी उन्हाने पिवळी पडून एका कोपऱ्यातून सुटली, मी ती काढून टाकली आणि नवी लावायची राहून गेली. त्याच महिन्यात त्या कपाटातली पुस्तके बाहेर जाऊ लागली. माझ्या आळसाचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

हा प्रकार अगदी नवा आहे, कालपरवाची टूम आहे, असाही एक समज आढळतो. सेरा ट्रिमर या इंग्रज लेखिकेने मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे छापणारे एक नियतकालिक 1802 साली सुरू केले. त्यात तिने पुस्तकांची विभागणीच अशी केली होती, की चौदा वर्षांपर्यंतच्या वाचकांची ती मुलांची पुस्तके आणि चौदा ते एकवीस वर्षांच्या वाचकांची ती तरुण व्यक्तींची पुस्तके. म्हणजे या वयाचा वाचक वेगळा आहे, ही जाणीव दोनशे वर्षांहून जुनी आहे. ट्रिमरबाईंना मात्र त्या वाचकाच्या आवडीपेक्षा त्याच्या शीलाची काळजी अधिक होती, आणि आपल्यातल्या पुष्कळांची काळजी अजून त्याच वर्षी थांबलेली आहे.

कुमारांच्या कादंबरीचे वेगळेपण केवळ नायकाच्या वयात नसते. नायक पंधरा वर्षांचा असूनही कादंबरी प्रौढांची असू शकते. आपले बालपण आठवून लिहिलेल्या कितीतरी सुंदर कादंबऱ्या अशाच आहेत. तिथे निवेदक पन्नाशीत उभा राहून मागे पाहतो, त्याला पुढे काय झाले ते ठाऊक असते आणि जखमेवर खपली धरलेली असते. कुमारांची कादंबरी बहुधा त्या जखमेच्या क्षणीच उभी असते. मैत्रीण बोलेनाशी झाली, तर ती पुन्हा बोलेल की नाही, हे निवेदकालाही माहीत नसते. ‘पुढे सगळे ठीक होते गं’ असे सांगणारा मोठा आवाज त्या पानांत नसतो, आणि म्हणूनच त्या वयाचा वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो. आपल्याला ती उथळ किंवा भडक वाटते, याचे एक कारण असे, की ती वाचताना आपण सतत पुढचे बोलत असतो.

या आवाजाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतल्या टल्सा शहरातली आहे. एस. ई. हिंटन या मुलीने शाळेत असताना, वयाच्या पंधराव्या वर्षी, ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी लिहायला घेतली आणि 1967 मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पैसेवाल्यांची मुले आणि गरीब वस्तीतली मुले यांच्यातले वैर तिने आपल्या भोवती पाहिलेले होते. आपल्या वयाच्या मुलांबद्दल खरे काही सांगणारी पुस्तके मिळत नाहीत, ही तिची तक्रार होती. टोळक्यांत वावरणाऱ्या मुलांची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे, हे कळले तर पुरुष परीक्षक ती गंभीरपणे घेणार नाहीत, अशी प्रकाशकाला धास्ती होती, म्हणून मुखपृष्ठावर पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे आली. वाचकांना त्या आद्याक्षरांशी काही देणेघेणे नव्हते. पिढ्यामागून पिढ्या ती कादंबरी हातोहात फिरत राहिली आहे. कुमारांच्या साहित्याचा आधुनिक काळ अनेक अभ्यासक तिथून मोजतात. म्हणजे हा प्रकार ज्या पुस्तकाने रुळला, ते एका कुमारवयीन मुलीनेच लिहिले होते.

आता माझी चूक सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचे बोलणे पोकळ ठरेल. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी असा नियम केला होता, की कादंबरी परत करताना तिचा सारांश वहीत लिहून द्यायचा. लेखकाचे नाव, मुख्य पात्रे, कथानक आणि शेवटी ‘या पुस्तकातून मी काय शिकलो’. चांगले अक्षर असलेल्या वह्या मी मुख्याध्यापकांना दाखवत असे. एके दिवशी आठवीतल्या एका मुलाने दिलेला सारांश मला फारच ओळखीचा वाटला. पुस्तक उलटे करून पाहिले, तर मलपृष्ठावरचा मजकूर त्याने शब्दशः उतरवला होता, अगदी ‘खिळवून ठेवणारी कादंबरी’ या प्रकाशकाच्या जाहिरातीसकट. मी त्याला खडसावले. तो शांतपणे म्हणाला, ‘बाई, मी पुस्तक पूर्ण वाचलंय. पण ते लिहायचं म्हटलं की ते संपून जातं.’ मी त्याला वाटेल तिथले चार प्रसंग विचारले. चारही त्याला पानाच्या कोणत्या बाजूला आहेत, इथवर ठाऊक होते. त्याने पुस्तक खरोखर वाचले होते, आणि ते माझ्यापासून वाचवण्यासाठी मलपृष्ठाचा अडसर लावला होता. त्या वर्षाअखेर मी वह्या बंद केल्या.

फ्रान्समधले लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांचे वाचनाविषयीचे पुस्तक 1992 मध्ये आले, त्यात त्यांनी वाचकाचे दहा हक्क मांडले आहेत. पहिला हक्क न वाचण्याचा. पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पुन्हा वाचण्याचा, हाताला लागेल ते वाचण्याचा हे पुढचे. आणि शेवटचा, दहावा हक्क गप्प राहण्याचा. माझ्या त्या विद्यार्थ्याने हा दहावा हक्क पेनाक यांचे पुस्तक न वाचताच बजावला होता. हे हक्क ग्रंथालयाच्या भिंतीवर लावावेत, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, की ते शिक्षकांच्या खोलीत लावावेत. मुले ते तसेही वापरतातच, फक्त चोरून.

मुलांनी गप्प राहावे आणि आपणही गप्प बसावे, असा याचा अर्थ होत नाही. कादंबरीचा आनंद वाटून घ्यायचा, तर कोणीतरी बोलायला हवे, आणि माझे म्हणणे एवढेच आहे, की सुरुवातीचे बोलणे मोठ्यांनी करावे व तेही वाचून करावे. मार्गारेट एडवर्ड्स या बाल्टिमोरच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1932 साली रुजू झाल्या आणि तिथल्या कुमारवयीन वाचकांचा विभाग त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. आपल्या हाताखाली काम करू इच्छिणाऱ्या साहाय्यकांना त्या पुस्तकांची लांबलचक यादी देत, ती वाचून घेत आणि त्या पुस्तकांवर त्यांच्याशी समोरासमोर बोलत. जे आपण वाचलेले नाही ते मुलाच्या हातात कसे द्यायचे, हा त्यांचा साधा हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी घोडागाडीत पुस्तके भरून ती वस्त्यांमधून फिरवली. मुले ग्रंथालयात येत नाहीत, म्हणून त्या गाऱ्हाणी मांडत बसल्या नाहीत. त्यांच्या नावाने 1988 मध्ये कुमार साहित्याच्या लेखकांसाठी पुरस्कार सुरू झाला आणि तो पहिल्याने हिंटन यांना मिळाला. या क्षेत्रातला दुसरा नावाजलेला पुरस्कार, 2000 पासून दिला जाणारा प्रिंट्झ पुरस्कार, कॅन्सस राज्यातल्या एका शालेय ग्रंथपालाच्या नावाचा आहे. पुरस्कारांना सहसा राजांची, धनिकांची किंवा थोर लेखकांची नावे असतात. कुमार साहित्यात मात्र ती पुस्तक हातात देणाऱ्यांची आहेत, याचा मला माझ्या पेशामुळे थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनी तो माफ करावा.

वाचून झाल्यावर बोलायचे कसे, हे मात्र कोणी शिकवत नाही. मी जे करते ते सांगते. महिन्यातून दोनदा, तासाची शेवटची दहा मिनिटे मला मिळतात. मी एक कादंबरी घेऊन वर्गात जाते. लेखकाचे जन्मवर्ष, पुरस्कार, पुस्तकाची पृष्ठसंख्या यांतले काहीही सांगत नाही. ‘हे पुस्तक खूप चांगले आहे’ हे वाक्य तर मी स्वतःला बंदच केले आहे, कारण मोठ्या माणसाने चांगले म्हटले, की पंधराव्या वर्षी ती गोष्ट संशयास्पद होते. मी एक प्रसंग निवडते. मुलगी घरी येते, दार उघडे आहे, आईच्या चपला जागेवर आहेत, पण आई घरात नाही आणि तिचा फोन स्वयंपाकघरात वाजतो आहे. एवढे मी माझ्या शब्दांत सांगते, मग पुस्तक उघडून पुढची दीड पाने वाचते. वाचताना अभिनय करत नाही. पान मधल्या वाक्यावर संपते तिथे थांबते, पुस्तक मिटते आणि टेबलावर ठेवून निघून येते. कुठे थांबायचे, हे मी आदल्या रात्री ठरवलेले असते, आणि त्यासाठी ते पुस्तक दोनदा वाचलेले असते. मधल्या सुट्टीत कोणी आले, तर पुस्तक देते. कोणी आले नाही, तर तो प्रसंग चुकीचा निवडला, असे समजते.

याची फजितीही होते, हे कबूल करायला हवे. एकदा मला फार आवडलेली एक कादंबरी मी चार वर्गांत अशीच मांडली आणि चारही वर्गांतून तिला एकही वाचक मिळाला नाही. वर्षभराने एका मुलीने ती कपाटातून आपण होऊन काढली, कारण तिला तिचे मुखपृष्ठ तिच्या पडद्याच्या रंगाचे वाटले. तिने ती वाचून मैत्रिणीला दिली, मैत्रिणीने चुलत बहिणीला, आणि ती प्रत आमच्याकडे परत आली तेव्हा तिची बांधणी सुटून आली होती. मी दोरा-सुई घेऊन ती शिवली. ज्या पुस्तकाची बांधणी सुटते, त्याच्यावर दंड आकारायचा असतो. मी आकारला नाही.

वाचलेल्या पुस्तकावर मुलांशी बोलताना एक सवय मला प्रयत्नपूर्वक सोडावी लागली. ‘का आवडले?’ हा आपला आवडता प्रश्न आहे आणि तो ऐकला, की मुलाच्या चेहऱ्यावर परीक्षेची सावली येते. इंग्लंडमधले शिक्षक आणि कादंबरीकार एडन चेंबर्स यांनी याबद्दल फार बारकाईने विचार केला आहे. ‘का’च्या ऐवजी ‘सांग बघू’ अशा सुरात बोलावे, असे ते सुचवतात, आणि त्यांचे मूळ प्रश्न अगदी साधे आहेत: काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकणारे वाटले आणि कुठे कशाशी धागा जुळताना दिसला. मी अनुभवाने सांगते, की यांतला दुसरा प्रश्न पहिल्यांदा विचारावा. कादंबरीत काय खटकले, हे विचारले की दहावीतला सर्वांत अबोल मुलगाही बोलतो, आणि खटकलेल्या गोष्टीबद्दल दहा मिनिटे बोलता बोलता त्या पुस्तकावर त्याचे किती प्रेम आहे, हे आपोआप बाहेर येते. कोड्याचा प्रश्न तर आणखी मोलाचा, कारण तिथे मोठ्यांनाही खरोखर ‘मलाही कळले नाही’ असे म्हणता येते. मी ते पहिल्यांदा म्हटले, तेव्हा वर्गात क्षणभर शांतता पसरली होती.

आता त्या आक्षेपाकडे वळते, जो मला पालकांकडून वारंवार ऐकावा लागतो: या कादंबऱ्या उदास असतात, त्यांत घटस्फोट, व्यसन, आत्महत्येचे विचार, शरीराविषयीची लाज, छळ असे विषय येतात, आणि कोवळ्या मनावर त्यांचा परिणाम होईल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. प्रत्येक पुस्तक प्रत्येक मुलासाठी नसते आणि काही कादंबऱ्या मी स्वतः मुलाची ओळख असल्याशिवाय हाती देत नाही. एखादी व्यथा केवळ चटका लावण्यासाठी वापरणारे, मुलाला दरीच्या काठावर नेऊन तिथेच सोडणारे लेखनही या प्रकारात आहे, आणि त्याचे कौतुक करण्याची गरज नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो विषय मुलापर्यंत कादंबरीमुळे पोहोचत नाही. तो शेजारच्या बाकावरून, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून किंवा स्वतःच्याच घरातून आधीच पोहोचलेला असतो. कादंबरी त्याला एवढेच देते, की तो विषय तीनशे पानांच्या संगतीत, कारणांसह, परिणामांसह आणि दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने समोर येतो. स्वतःबद्दल एक शब्द बोलू न शकणारी मुलगी ‘त्या पुस्तकातल्या मुलीने आईला आधीच सांगायला हवे होते’ असे म्हणू शकते. हे वाक्य मी ऐकले आहे. ते ऐकल्यावर मी पुस्तकाबद्दलच बोलत राहिले, तीही पुस्तकाबद्दलच बोलत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी ती शाळेच्या समुपदेशकांकडे आपण होऊन गेली. पुस्तकाने तिला बरे केले, असा दावा मी करणार नाही. बोलण्यासाठी तिला एक तिसरे माणूस लागत होते आणि ते कागदाचे होते.

अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे म्हटले होते. काही पुस्तकांत वाचकाला आपण दिसतो, काहींतून दुसऱ्याचे जग दिसते आणि काहींमधून त्या जगात पाऊल टाकता येते. ही उपमा आता इतकी वापरली जाते, की ती थोडी गुळगुळीत झाली आहे, तरी तिच्यामागचा मुद्दा झिजलेला नाही. बिशप यांचा रोख मुख्यतः त्या मुलांकडे होता, ज्यांना पुस्तकांत आपला चेहरा कधी सापडतच नाही, किंवा सापडला तर हास्यास्पद रूपात सापडतो. ग्रंथालयासाठी पुस्तके निवडताना मी आता यादीवर असा एक डोळा ठेवते: कानाने अधू असलेला मुलगा, सतत गाव बदलणाऱ्या कुटुंबातली मुलगी, वजनावरून चिडवला जाणारा मुलगा यांना या कपाटात आरसा आहे का? आणि जे कधी चिडवले गेले नाहीत, त्यांना खिडकी आहे का? हा दुसरा प्रश्न आपण विसरतो. आरसा ज्याचा त्याला लवकर सापडतो. खिडकीसमोर मात्र कोणीतरी नेऊन उभे करावे लागते.

पद्यात लिहिलेल्या कादंबऱ्या, चित्रकादंबऱ्या आणि ऐकण्याची पुस्तके हे ‘खरे वाचन’ आहे की नाही, या वादात मी दोनच वाक्ये खर्च करीन. पद्य कादंबरीच्या पानावर मोकळी जागा पुष्कळ असते, त्यामुळे जाड पुस्तकाला घाबरणारा मुलगा ती दोन दिवसांत संपवतो आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘मी पुस्तक संपवले’ असे म्हणतो. त्याला त्या क्षणी ‘हे काही खरे नव्हे’ असे सांगणाऱ्या माणसाशी माझे फार जमत नाही.

कौतुक करायचे म्हटले, की आपल्याला सोहळा आठवतो: व्यासपीठ, पाहुणे, हार, आणि समोर सतरंजीवर बसवलेली मुले. ज्यांचे साहित्य साजरे होते आहे, त्यांना टाळ्या वाजवण्याचे काम. काही देशांत याहून शहाणी पद्धत रुळली आहे. फ्रान्समध्ये 1988 पासून एक पुरस्कार माध्यमिक शाळांतली मुले देतात. सुमारे दोन हजार विद्यार्थी शरद ऋतूतल्या दोनेक महिन्यांत गोंकूर या तिथल्या मानाच्या साहित्य पुरस्काराच्या यादीतल्या कादंबऱ्या वाचतात, वर्गात भांडतात, प्रतिनिधी निवडतात आणि निकाल लावतात. त्या कादंबऱ्या मुळात प्रौढांसाठी असतात, हे खरे. पण मुलांचा निकाल पुष्कळदा मोठ्यांच्या निकालापेक्षा वेगळा येतो आणि तो दुकानांत, वर्तमानपत्रांत गंभीरपणे घेतला जातो. जर्मनीत 1956 पासून बाल-कुमार साहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि त्यात 2003 पासून तरुण वाचकांचे स्वतंत्र परीक्षकमंडळ स्वतःचा पुरस्कार देते. ब्रिटनमध्ये कार्नेगी पदकासाठी, म्हणजे तिथल्या बाल-कुमार साहित्याच्या पुरस्कारासाठी, निवडलेली पुस्तके शाळाशाळांतले वाचनगट 1992 पासून परीक्षकांच्या बरोबरीने वाचत आले आहेत. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. मुलांकडे मत मागितले जाते आणि त्या मताला काहीतरी परिणाम असतो. पंधरा वर्षांच्या माणसाला याची सवय नसते. ती लागली, की त्याचे वाचनच बदलते. तो पुस्तक अपराध्यासारखा न वाचता न्यायाधीशासारखा वाचतो, पुरावे शोधतो, पाने दुमडतो.

आम्ही मागच्या वर्षी हे फारच लहान प्रमाणावर केले. सहा कादंबऱ्या, तीस मुले, तीन महिने आणि शेवटी एका बंद दाराआडची बैठक, जिला मी हजर राहायचे नाही, असे मुलांनीच ठरवले. ठरलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास जास्त लागला. दारातून आवाज येत होते, एकदा कोणीतरी खुर्ची सरकवून उठल्याचाही आवाज आला. मला सर्वांत आवडलेली कादंबरी पाचव्या क्रमांकावर गेली. कारण म्हणून कागदावर लिहिले होते: ‘लेखकाला मुलांबद्दल सगळे माहीत आहे असे लेखकाला वाटते.’ मी ती कादंबरी घरी जाऊन पुन्हा वाचली, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते, असे मला मान्य करावे लागले.

आता आपल्याकडे असलेली माझी विनंती. आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तक परीक्षणासाठी एक पान असते आणि त्यावर कुमारांच्या कादंबऱ्यांना वर्षातून एखाद्या वेळी, बहुधा बालदिनाच्या आसपास, जागा मिळते. तेही परीक्षण एखादा प्रौढ, ‘मुलांना आवडेल’ अशा अंदाजाने लिहितो. त्या पानाचा एक स्तंभ, पंधरवड्यातून एकदा, कुमारवयीन वाचकांनीच लिहिलेल्या परीक्षणासाठी राखून ठेवावा. शुद्धलेखन आपण अवश्य तपासावे, मताला मात्र हात लावू नये. पुस्तक आवडले नाही, असे लिहिणाऱ्यालाही तेवढीच जागा द्यावी. लिहिणाऱ्याचे वय छापावे, शाळा आणि टक्केवारी छापू नये. आणि शेजारच्या चौकटीत तीच कादंबरी वाचलेल्या एखाद्या मोठ्या माणसाचे, शिक्षकाचे, पालकाचे किंवा आपल्या संपादकीय विभागातल्या कोणाचे, चार ओळींचे मत असावे, म्हणजे ती वाचणे हा फक्त मुलांचा गृहपाठ राहणार नाही.

सुरुवात करता यावी म्हणून एक परीक्षण सोबत जोडते आहे. ते सोळा वर्षांच्या एका मुलीने लिहिले आहे आणि ते तिच्या संमतीने व तिच्या पालकांच्या परवानगीने पाठवते आहे. मजकूर अकरा ओळींचा आहे. नायक तिला चांगला वाटला, परंतु लेखिकेचे त्याच्यावर जरा जास्तच प्रेम आहे आणि त्यामुळे तो शेवटी सुटतो, असे तिचे मत आहे. शीर्षक तिने दिलेले नाही, आणि ते आपणही देऊ नये, असे तिने मला दोनदा बजावून सांगितले आहे.

आपली विश्वासू,
एक शालेय ग्रंथपाल